लिहिते सर

प्राध्यापकाला लिहिण्याची हौस असायची, त्याला आता जमाना झाला. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आणला आणि त्या हौसेला गुण मिळू लागले. तेव्हापासून महाविद्यालयांत लेखनाला असा बहर आलाय की वाचायला माणूस उरला नाही. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्री : एक चिकित्सा’ असले काहीतरी पैसे भरून छापून आणायचे, नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक आहे ना एवढे बघायचे, झेरॉक्स फायलीला लावायची. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की फाइल टेबलावर. समिती बिचारी जाडी बघूनच समाधान मानते.

विंदा करंदीकर इंग्रजी शिकवायचे आणि कविता मराठीत लिहायचे. आज असते तर प्राचार्यांनी विचारले असते, ‘‘सर, हे कुठल्या रकान्यात भरू?’’ (त्यांना ज्ञानपीठ मिळाले, पण त्याला आयएसएसएन कुठे होता!)

पोरे मात्र शहाणी. ती थेट गाइड वाचतात. तेही बहुधा सरांनीच लिहिलेले. वर्गात शिकवायचे काम तासिका तत्त्वावरच्या मास्तरांकडे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाही.