सहाव्या पिढीचा अपात्र

संगणक मंद झाला की मराठी माणूस सर्वांत आधी डेस्कटॉपवर रिकामी जागा शोधतो, माउसचं उजवं बटण दाबतो आणि 'रिफ्रेश' करतो. एकदा करून त्याचं समाधान होत नाही. चार-पाच वेळा करतो, मग खुर्चीत मागे टेकून यंत्राला किती बरं वाटलं असेल याचा अंदाज घेतो. वास्तविक रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा रंगवली जातात, बाकी काही होत नाही. मेमरी रिकामी होत नाही, प्रोसेसरचा शीण जात नाही. हे मी घरात सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग ता बटण ठेवलानी कित्याक?" या प्रश्नाला अजून तरी कोणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. घरातलं रिफ्रेश चालू आहे.

आम्ही लालबागला राहतो, मसाल्याच्या बाजारामागच्या गल्लीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. संगणक २०१६ सालचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. त्या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस मुंबईत नवीन आहे हे दुकानदाराला लगेच कळतं आणि त्याचा परिणाम भावावर होतो. आत सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. या भांडवलावर मी गणेशोत्सव मंडळांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाच्या पूजेची निमंत्रणं जुळवून देतो. सगळं श्रीलिपीत. आमच्या भागात माणसाचं नाव अहवालातल्या वर्गणीदारांच्या यादीत चुकीचं छापलं तर त्याचे पडसाद पुढच्या गणपतीपर्यंत उमटतात, त्यामुळे या यंत्राची प्रकृती हा सार्वजनिक विषय आहे.

गेल्या एप्रिलमध्ये ते यंत्र बसलं. म्हणजे बंद पडलं नाही. बटण दाबून आंघोळीला जावं, परत यावं, तरी पडद्यावर गोल फिरतच असे. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क शंभर टक्के आणि मी अजून काहीच उघडलेलं नाही.

चाळीत वैद्यकीय सल्ला आणि संगणकाचा सल्ला फुकट मिळतो आणि दोन्ही देणारी माणसं तीच असतात. शेजारच्या अण्णांनी "व्हायरस असणार" असं निदान केलं आणि आपल्याकडचं अँटिव्हायरस घालून दिलं. खालच्या मजल्यावरच्या तात्यांना हे कळताच त्यांनी अण्णांचं अँटिव्हायरस कसं भिकार आहे हे सांगत दुसरं घातलं. पहिलं काढलं असतं तर अण्णा दुखावले असते, म्हणून दोन्ही राहिली. एका इमारतीला दोन सोसायट्यांचे दोन वॉचमन नेमावेत आणि त्यांनी दिवसभर एकमेकांनाच "कोणाकडे जायचंय?" म्हणून अडवावं, तसं आतमध्ये सुरू झालं. मी एक निमंत्रणपत्रिका उघडली की ती दोघे आळीपाळीने तपासत. सत्यनारायणाच्या पूजेत आक्षेपार्ह असं काय सापडणार होतं देव जाणे.

शेवटी भाचा आला. माटुंग्याला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने आधी पडद्याकडे पाहिलंच नाही. कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे तापलंय." मग कॅबिनेट उचलून बाहेर गॅलरीत नेलं, बाजूचा पत्रा काढला आणि ब्लोअर लावला.

पुढे जे झालं ते मजल्यावरच्या एकाही कुटुंबाने अजून माफ केलेलं नाही. आमच्या गल्लीत मार्च लागला की बेडगी, संकेश्वरी, लवंगी असल्या मिरच्यांची पोती उतरतात आणि वर्षाचा मसाला करून घ्यायला बदलापूर-विरारपासून बायका येतात. मे संपेपर्यंत डंक चालू असतो आणि हवेत जो तिखट धुरळा असतो त्याची आम्हाला सवय झालेली आहे. प्रोसेसरवरच्या पंख्यालाही झाली असावी, असं आम्ही धरून चाललो होतो. तो पंखा मात्र इमानाने ती हवा ओढत होता आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये थर लावत होता. ब्लोअरचा पहिला झोत बसला आणि कॅबिनेटमधून एक लालसर ढग उठून गॅलरीभर पसरला. अण्णा खोकत बाहेर आले. तात्या खालून ओरडले. कोणाचं तरी बाळ रडायला लागलं. आईने डोळ्याला पदर लावून विचारलं, "ह्येच्यात मिरची खंयसून इली?" आणि पुढच्याच क्षणी तिच्यातली गृहिणी जागी झाली. "बेडगी दिसता," ती म्हणाली.

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचाच वेग कमी करतो. म्हणजे आमचा आय-थ्री महिनोन्महिने मिरची पांघरून, मान खाली घालून हळूहळू काम करत होता आणि आम्ही त्याला व्हायरसची औषधं पाजत होतो. पात्यांमधला मसाला काढला, प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली वाळून भेगाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. पंख्याची घरघर बंद झाली तेव्हा कळलं की इतकी वर्षं आम्ही टीव्हीचा आवाज त्यासाठी मोठा ठेवत होतो.

डिस्क मात्र शंभर टक्केच. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये एक सुई तबकडीवर इकडून तिकडे धावून प्रत्येक तुकडा शोधते. विंडोज, दोन अँटिव्हायरस आणि श्रीलिपी यांनी तिला एकाच वेळी हाका मारल्या तर ती तरी किती धावणार? भाचा लॅमिंग्टन रोडवर जाऊन एसएसडी घेऊन आला. हिच्यात फिरणारं काही नाही. सगळ्या चिपा. तिच्यावर विंडोज नव्याने घातलं, जुनी डिस्क सामान ठेवायला डी ड्राइव्ह म्हणून ठेवली, आणखी चार जीबी रॅम बसवली, दोन्ही वॉचमनना एकाच दिवशी निवृत्त केलं. विंडोजचा आपला डिफेंडर असतो, तो पुरतो. बटण दाबल्यावर चहाचं आधण ठेवायच्या आत डेस्कटॉप समोर. आईला हे पटलं नाही. इतक्या लवकर सुरू होणाऱ्या वस्तूवर तिचा विश्वास नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भाच्याने सांगितलं की विंडोज दहाचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. अकरा घ्या म्हटलं तर यंत्रानेच कळवलं की ते पात्र नाही. अकराला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या. आता गिरणगावातल्या माणसाला 'अपात्र' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या याद्यांपासून चाळीच्या पुनर्विकासापर्यंत आमची अर्धी हयात पात्र आणि अपात्र या दोन रकान्यांमध्ये गेली आहे. मला टोचलं ते वेगळंच. माझे पणजोबा गिरणीत लागले तिथपासून मोजलं तर मुंबईत आमची चौथी पिढी. घरातला सर्वांत खानदानी सभासद हा संगणकच, आणि तो जुना म्हणून बाद!

"मग उबुंटू टाकू," भाचा म्हणाला. फुकट आहे, हलकं आहे, आणि त्याला कॉलेजच्या कामाला तेच लागतं. मी श्रीलिपीची आठवण करून दिली. ती विंडोजवरची. वीस वर्षांचे अहवाल उबुंटूत उघडले तर वर्गणीदारांच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि कंसांची रांगोळी दिसते, कारण त्या जुन्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच खुर्च्यांवर बसवलेली आहेत. फॉन्ट गेला की खुर्च्या उघड्या पडतात. युनिकोडमध्ये हा प्रश्न येत नाही, हे मला मान्य आहे. छापखान्याला मान्य नाही.

तेव्हा तोडगा निघाला की दोन्ही ठेवायचं. ड्युअल बूट. दहा बाय बाराच्या खोलीत मी दोन भावांचे दोन संसार पाहिलेले आहेत, त्यामुळे मला यात अशक्य काही वाटलं नाही. फक्त मोरी कोणाची आधी हा वाद होणार हे ठाऊक होतं.

तसंच झालं. यंत्र सुरू झालं की ग्रब नावाची एक काळी पाटी येते: उबुंटू की विंडोज? दहा सेकंद थांबते. उत्तर आलं नाही तर आपल्या मनाने उबुंटू सुरू करते. आमच्या घरात दहा सेकंदांत कोणी कशाचंही उत्तर देत नाही. आई बटण दाबून गॅसकडे जायची आणि येऊन पाहते तो पडदा जांभळा. "रंग बदललो, बिघाडलो वाटता." भाच्याने विंडोजला पहिला मान दिला आणि मुदत तीस सेकंद केली. मग एकदा विंडोजने मोठं अपडेट घेतलं आणि पाटीच गायब! भाच्याचा चेहरा उतरला, पण उबुंटू जागच्या जागी होतं. असं अपडेट कधीकधी रांगेत विंडोजला पुढे आणून उभं करतं. सुरू होताना बायोसमध्ये शिरून बूटच्या क्रमात उबुंटूला पहिलं केलं की पाटी परत येते. पुसलं गेलं म्हणून घाईघाईने पुन्हा सगळं घालणारी मुलं असतात, त्यांच्या आईवडिलांनी हे वाक्य कापून ठेवावं.

खरी गंमत घड्याळाची. मदरबोर्डवर नाण्याएवढ्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. डॉसच्या काळापासूनच्या रिवाजाने विंडोज समजतं की ते घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं. लिनक्स समजतं की ते जागतिक वेळ, म्हणजे ग्रीनिचची वेळ, दाखवतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून घेतं. आपापल्या घरी दोघांचंही बरोबर. रात्री भाच्याने उबुंटूत काम केलं की ते जाताना घड्याळ ग्रीनिचला लावून जातं, आणि सकाळी विंडोज तेच आकडे मुंबईचे म्हणून वाचतं. आपण साडेपाच तास मागे.

आणि हे नेमकं गणपतीच्या तिकिटांच्या दिवशी लक्षात आलं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या किती मिनिटं रिकाम्या राहतात हे लालबाग-परळच्या वाचकांना सांगायची गरज नाही. अण्णांची तिकिटं मीच काढणार होतो. पावणेआठला ते आले. समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या खोलीत दिवस आणि रात्र यांत फारसा फरक उरलेला नाही. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं: दोन वाजून पंधरा मिनिटं. "अरे, मध्यरात्री कशाला बसलायस?" म्हणाले आणि परत जाऊन झोपले. आठला त्यांच्या आधार क्रमांकासाठी मी दार वाजवत होतो आणि ते आतून मला वेळेचं भान राखायला सांगत होते. सावंतवाडीची त्यांची तिकिटं वेटिंगवर गेली. त्यांनी अजूनही दोष मलाच दिलेला आहे.

अण्णांना मी नंतर सांगितलं की या शहराने हा घोळ पन्नास वर्षं चालवला होता. १ जानेवारी १९०६ ला सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आणली. मुंबईची आपली वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, म्हणजे नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. गिरणी कामगारांनी त्या महिन्यात या नव्या वेळेविरुद्ध दंगा केला. शहरात 'मुंबईची वेळ' १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या शेजारी नांदली. कोणाला भेटायचं तर कुठल्या वेळेने ते आधी ठरवावं लागे. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पण तेव्हा तिकीट मिळायचं," ते म्हणाले.

घड्याळाचा उपाय एका ओळीचा निघाला. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' असा हुकूम दिला की तेही स्थानिक वेळ मानायला लागतं. उबुंटू असं करताना थोडी कुरकुर करतं, पण करतं.

एवढं झाल्यावर भाच्याच्या फायली डी ड्राइव्हवर साठवल्या जाईनात. ड्राइव्ह दिसतो, वाचता येतो, लिहिता येत नाही. कारण ऐकून मी थक्क झालो: आपण विंडोज बंद करतो तेव्हा ते बंद होतच नाही! विंडोज आठपासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. 'शट डाउन' म्हटलं की ते आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं आणि सकाळी तिथून उठतं. डिस्कवर आपला हक्क सोडत नाही, म्हणून लिनक्स भीतभीत फक्त वाचतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणाच्या सेटिंगमधली ती खूण काढली की विंडोज खरोखर झोपतं. 'रिस्टार्ट' मात्र आधीपासून पूर्ण बंद करूनच उठवतं. "बंद करून चालू करा" या सल्ल्याने जे सुधारत नाही ते "रिस्टार्ट करा" या सल्ल्याने का सुधारतं, याचं रहस्य इतकंच आहे.

ज्यांच्या घरी असंच अपात्र यंत्र असेल त्यांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी एसएसडी टाकून पाहावी. विंडोज दहाला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे, मात्र ती आपोआप मिळत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. ती करून घ्या, आणि दुसरी सिस्टीम घालायच्या आधी फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मसाला बाजाराच्या जवळ राहत असाल तर कॅबिनेट गॅलरीत उघडू नका, गच्चीवर न्या.