‘कोणासाठी?’ या रकान्याच्या निर्मात्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय वर्गवारीप्रमुख महोदय,
खेळणी विभाग,
एक मोठे ऑनलाइन दुकान

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपलं नाव मला ठाऊक नाही. हुद्दाही अंदाजानेच लिहिला आहे. कमी-जास्त झाला असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आपलं काम मात्र घरोघरी पोचलेलं आहे. खेळणी घ्यायला आपलं ॲप उघडलं की वय आणि किंमत यांच्याही आधी, सगळ्यात वर दोन गोल दिसतात. निळ्या गोलात मुलगा, गुलाबी गोलात मुलगी. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचे जाहीर आभार मानल्याशिवाय राहवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिले आभार आमचा वेळ वाचवल्याबद्दल. एखाद्या लेकराला काय द्यावं हे ठरवताना आम्ही मंडळी फार घोळ घालायचो. त्याला काय आवडतं, एकटं रमतं की चारचौघांत, काही जोडत बसायचा धीर आहे की धावाधाव हवी, अशा चौकशा करत बसायचो. आपण एका टिचकीत हे सगळं निकालात काढलंत. मूल कसं आहे हे आता कुणी विचारायची गरजच उरली नाही.

दुसरे आभार माझ्या भाचीच्या वतीने. ती सहा वर्षांची आहे. आमच्या गल्लीत ड्रेनेजचं काम निघालं तेव्हा ती रोज संध्याकाळी फाटकाच्या गजांना नाक लावून जेसीबी बघत उभी राहायची. पुढच्या रुंद सुपड्याने माती ढकलायची, मागच्या लांब हाताच्या बकेटने खणायचं आणि खणताना गाडी हलू नये म्हणून बाजूचे दोन पाय जमिनीत रोवायचे, हे तिने ऑपरेटरकाकांना विचारून शिकून घेतलं. वाढदिवसाला तिला जेसीबीच हवा होता. मी आपल्या दुकानात ‘मुलगी’ निवडलं, वय निवडलं. बाहुल्या आल्या, नेलपॉलिशचा संच आला, मणी ओवून दागिने करायचं सामान आलं, गुलाबी शेगडी आली, केस वाळवायचं खोटं यंत्र आलं. जेसीबी काही येईना. मग ‘मुलगा’ निवडलं, तर पहिल्याच ओळीत पिवळाधमक उभा!

भाची माझ्या मांडीवर बसून बघत होती. तिला अजून सफाईने वाचता येत नाही, पण निळा गोल बरोबर कळला. “मावशी, हा तर दादालोकांचा आहे. मी घेतला तर चालेल?”

मी ‘हो’ म्हणाले आणि जेसीबी मागवला. पण आपल्याला जे आवडतं ते घ्यायला आपल्याला परवानगी लागते, ही शंका तिच्या मनात तोवर येऊन गेली होती. तिच्या आईने ती घातली नव्हती, शाळेने घातली नव्हती. ते श्रेय सर्वस्वी आपलं.

आता मुलग्यांच्या पालकांतर्फेही आभार मानते, नाहीतर पंक्तिप्रपंच व्हायचा. निळ्या गोलात गाड्या आहेत, रोबो आहेत, बंदुका आहेत, मेकॅनो आणि दुर्बिणी आहेत. भातुकली नाही, बाहुली नाही, पाळणा नाही. लहान भावाला जोजवणारा, आजीच्या शेजारी पाट मांडून पोळीचा गोळा लाटणारा चार वर्षांचा मुलगा आम्ही घरोघर बघतो. तो आपल्या यादीत कुठेच बसत नाही. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात चार ते आठ वर्षांच्या मुलांना बाहुल्यांशी खेळायला देऊन त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल हे समजून घेताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तोच बाहुलीशी एकट्याने खेळतानाही लागतो. मुलींचाही आणि मुलग्यांचाही. त्या अभ्यासाला पैसा बार्बी बनवणाऱ्या मॅटेलचा होता, हे सांगायला हवं. तरी घटकाभर विचार करा: बाहुल्या विकणाऱ्यांनाही मुलगा गिऱ्हाईक म्हणून चालतो, आणि आपण त्याला दारातूनच परत पाठवता.

मुलग्यांना भीती कशी घालायची हेही आपल्याकडून शिकावं. २०२१ साली लेगो कंपनीने जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटकडून सात देशांत पाहणी करून घेतली. मुलींची समजली जाणारी खेळणी घेतली तर आपल्याला चिडवतील, असं ७१ टक्के मुलग्यांना वाटत होतं. त्यानंतर लेगोने आपल्या खेळण्यांवर मुलगा-मुलगी असा शिक्का मारणार नाही असं जाहीर केलं. आपण अशा उतावीळ निर्णयांपासून दूर राहिलात.

ही परंपरा आपल्याला एकट्याने उभी करावी लागली नाही, याचाही आनंद आहे. कॅरल ऑस्टर आणि क्लेअर मॅन्सबाख या दोन अभ्यासकांनी डिस्ने स्टोअरच्या अमेरिकेतल्या संकेतस्थळावरची सगळी खेळणी तपासली होती. त्यांचा लेख २०१२ साली आला. मुलग्यांच्या यादीत ४१० खेळणी, मुलींच्या यादीत २०८, आणि दोन्ही याद्यांत सापडणारी फक्त ९१. लाल, काळा, करडा, तपकिरी हे रंग आणि गाड्या, शस्त्रं, जोडणीचे खेळ एका बाजूला. गुलाबी-जांभळा रंग आणि बाहुल्या, दागिने, सौंदर्यप्रसाधनं, घरकाम दुसऱ्या बाजूला. म्हणजे मुलीच्या आईवडिलांनी आपला गोल इमानदारीने निवडला, तर त्यांना निम्म्याहूनही कमी माल दिसायचा. दुकानदाराने स्वतःचाच निम्म्याहून अधिक माल गिऱ्हाइकापासून लपवावा, इतका त्याग व्यापारात दुर्मीळ आहे.

पैशाच्या बाबतीतही आपल्या पंथाने आमची काळजी वाहिली आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ साली किमती ताडून पाहिल्या, तेव्हा मुलींसाठीची खेळणी आणि तत्सम वस्तू सरासरी ७ टक्क्यांनी महाग निघाल्या. एका मोठ्या दुकानात एकाच बनावटीची स्कूटर लाल रंगात २४.९९ डॉलरला होती, गुलाबी रंगात ४९.९९ डॉलरला. बोभाटा झाल्यावर संगणकातली चूक म्हणून गुलाबी स्कूटरची किंमत उतरवली गेली. आपल्याकडे असं काही होत असेल, असं मी म्हणत नाही. फक्त दोन रंग दोन वेगळ्या दालनांत ठेवले की शेजारी शेजारी ठेवून किंमत बघायची सोय उरत नाही, एवढंच लक्षात आणून देते.

आपण म्हणाल, हा आमचा दोष नव्हे, लोकच ‘मुलासाठी गिफ्ट’, ‘मुलीसाठी गिफ्ट’ असं टाइप करतात. खरं आहे, करतात. आपल्याकडचं पूर्वीचं सगळं निर्मळ होतं, असा माझाही दावा नाही. भातुकली मुलींची आणि विटीदांडू मुलग्यांचा, हे आमच्या आज्या-पणज्या ठरवूनच बसल्या होत्या. पण सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊन बघा. लाकडी बैलगाडी, रंगीत फळं, पोळपाट-लाटणं, भोवरे, सगळं एकाच फळीवर असतं. जत्रेतला खेळणीवाला एकच कापड अंथरतो. घरचे काय म्हणतील ते म्हणतील, पोराला निदान सगळं दिसतं, हात लांब करून ‘ते हवंय’ म्हणता येतं. आपल्या दुकानात जे दिसतच नाही, त्याचा हट्ट मुलाने करायचा कसा?

त्या चितार आळीतूनच माल आणून विकणारी माझी एक मैत्रीण आहे. तिची लाकडी खेळणी ऑनलाइन चढवायला मी मदतीला बसले होते. एक्सेलची लांबच लांब शीट. लाकूड कोणतं, रंग कसला, वजन, मापं, वय, सगळं भरलं. मग एक रकाना आला: ‘कोणासाठी’. समोर भोवरा. खाली उघडणाऱ्या यादीत ‘मुलगे’, ‘मुली’ आणि ‘दोन्ही’. आम्ही ‘दोन्ही’ निवडत गेलो. दोन दिवसांनी आपल्या मदतकक्षातून एका मुलाचा फोन आला. फार गोड बोलला. म्हणाला, “ताई, एकच काहीतरी निवडा, लिस्टिंग वर येतं. भोवऱ्याला ‘मुलगे’ टाका, भातुकलीला ‘मुली’ टाका.” मैत्रिणीने विचारलं, “आणि बैलगाडीला?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मुलगेच ना.” पोट भरायचं असल्यामुळे तिने ते बदललं. लोक जसं शोधतात तसं आम्ही दाखवतो, हे आपलं म्हणणं मी त्या फोननंतर अधिक आदराने ऐकते.

आणि हे निसर्गनियमाने चालत आलंय म्हणावं, तर तेही अवघड आहे. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांचा अभ्यास केला आहे. १९७५ सालच्या कॅटलॉगात मुलग्यांचं किंवा मुलींचं असं स्पष्ट सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी होती. मधल्या काळात मुलांचे मेंदू बदलले नाहीत, विक्रीची रीत बदलली. ज्या घरात एक सायकल धाकट्यापर्यंत चालली असती, तिथे दोन सायकली खपायला लागल्या. हे गुपित फोडल्याबद्दल रागावू नये.

साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्या तोवर कित्येक वर्षं रुळांवर होत्या. नागपूरचे विष्णू मनोहर मराठी घराघरांत ओळखले जातात ते स्वयंपाकासाठी. आजही आपल्या दुकानात आगगाडी निळ्या गोलात आहे आणि शेगडी गुलाबी गोलात. बालभारतीनेसुद्धा २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात घरकाम दोघं मिळून करतानाची चित्रं घातली. सरकारी पाठ्यपुस्तक पुढे गेलं आणि आधुनिक ॲप मागे राहिलं, हा मान आपण मिळवलात.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवली. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेतली की त्रिकोण होतो, चौकोन होतो, घर होतं. चौकोन दाबला की लुळा पडतो, त्रिकोण पडत नाही, हे पोरं स्वतःच्या बोटांनी शोधतात. काडी आणि रबर कोणाची, मुलग्यांची की मुलींची, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. आपण त्याला कुठल्या गोलात टाकलं असतं, याचं मला कुतूहल आहे.

कायद्याचा धाक दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पाचशे किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मोठ्या दुकानांना खेळण्यांचा एक विभाग मुलगा-मुलगी भेदाविना ठेवावा लागतो. पण तो कायदा भिंती-छपराच्या दुकानांना आहे, संकेतस्थळांना नाही. आपण तिथूनही सुटलात. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ते देताना टोकं बोचतात का, रंगात विषारी धातू आहेत का, सुटा झालेला भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकेल का, हे बघतात. मूल मुलगा आहे की मुलगी, असं कुणी विचारत नाही. जिवाशी संबंध असलेली ही माहिती आपल्या पानावर शोधायला मला बोट दुखेपर्यंत खाली जावं लागतं. वर मात्र ते दोन गोल झळकतात.

तेव्हा महोदय, आपल्या चरणी एवढीच प्रार्थना. ते दोन गोल काढून टाका. विक्रेत्यांच्या शीटमधला ‘कोणासाठी’ हा रकाना पुसा. त्या जागी वय वर घ्या, आयएसआयची खूण वर घ्या, आणि हवं तर विचारा: जोडायचं आहे, चालवायचं आहे, चित्र काढायचं आहे, सांभाळायचं आहे, खणायचं आहे? यातलं काही अशक्य नाही. ॲमेझॉनने अमेरिकेत २०१५ सालीच खेळण्यांच्या विभागातली मुलगा-मुलगी ही गाळणी काढली. ब्रिटनमध्ये ‘लेट टॉइज बी टॉइज’ या पालकांच्या मोहिमेने २०१२ पासून दुकानांच्या पाट्या उतरवायला लावल्या. खेळण्यांचा धंदा त्यामुळे कुठे बसला नाही.

दिवाळीचा सेल जवळ येतो आहे. आपले तंत्रज्ञ एका रात्रीत भाव बदलतात, बॅनर बदलतात, तेव्हा दोन गोल उतरवणं त्यांना जड जाणार नाही. नाहीच जमलं, तर तसं लेखी कळवावं. माझ्यासारख्या बऱ्याच मावश्या, मामा आणि आजोबा आपल्या उत्तराची वाट बघत आहेत, आणि तोवर आम्ही चितार आळीतूनच खरेदी करणार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मावशी