रोजची १८० मिनिटं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नियमावली काढली. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० तरी धाप लागेल अशी. सूनबाई हे वाचून दाखवत होत्या तेव्हा आमचे नातू सोफ्याच्या पाठीवरून दिवाणावर उड्या मारत होते. त्यांचा कोटा बहुधा दात घासायच्या आधीच पुरा होतो.

"बाबा, आंघोळीनंतर नागडं पळणं कशात धरायचं?"

"धाप लागण्यात."

"आणि टॉवेल घेऊन मागे मी पळते, ते?"

ते मोठ्यांच्या खात्यात. मोठ्यांना संघटनेने बरंच सांभाळून घेतलंय: आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम केला तरी पुरे. म्हणजे आमची आठवड्याची कमाई हा गडी एका दिवसात उडवतो, वर अर्धा तास जास्तच! तरी पार्कात हात मागे बांधून संथ फिरणारे आम्ही त्यालाच सांगतो, "अरे, जरा एका जागी बस." बसवायला मोबाईल देतो, आणि मग संध्याकाळी तो मोबाईल सोडत नाही म्हणून चिंता करतो.

चिंतेवर उपाय म्हणून शनिवारी एक क्लास लावला. तिथे उडी मारायला शिकवतात, रांगेत, एकेकाने. नातू बराच वेळ रांगेत उभे राहून शिस्त शिकतात आणि घरी येऊन राहिलेल्या उड्या सोफ्यावर मारतात. खालचे काका विचारतात, "वर जातं फिरवता का हो?"

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, आणि मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आमच्या अंगणात मोटारी राहतात. त्यांना ऊन लागू नये म्हणून वर पत्रे घातलेत. पोरांना मात्र "उन्हात जाऊ नकोस" एवढ्यावर भागवतो.

शेवटी सोसायटीच्या सभेत मी विषय काढला. तासभर चर्चा होऊन ठराव आला: मुलांनी संध्याकाळी पाच ते सहा आवारात जरूर खेळावे, मात्र पळू नये, ओरडू नये, चेंडू आणू नये व वाहनांना स्पर्श करू नये. मी हरकत घ्यायला हात वर केला. सेक्रेटरींनी लगेच इतिवृत्तात अनुमोदक म्हणून माझं नाव लिहून घेतलं.