चारशेचे नाना

मंगळवारी पहाटे साडेपाचला मैदानावर शिट्टी वाजली की समजायचं, आज नानांचे इंटरव्हल. शिट्टी तेच वाजवतात आणि तेच सुटतात. बँकेतून निवृत्त झालेली माणसं देवधर्माला लागतात, नाना चारशे मीटरला लागले.

नव्या माणसाला ते पहिल्याच भेटीत धरतात. मला विचारलं, "रोज किती?" म्हटलं, "पाच किलोमीटर." "एकाच वेगानं?" "हो." सगळी पुंजी बचत खात्यात ठेवलेल्या खातेदाराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग जन्मभर त्याच वेगानं पळाल! चारशे जोरात, दोनशे जॉग, पुन्हा चारशे. पायांना वेगाची सवय लागली पाहिजे."

मग दाखल्याला धावपटू झाटोपेक निघतो. १९५२चं हेलसिंकी ऑलिंपिक, पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं. त्यात मॅरेथॉन आयुष्यातली पहिलीच. हे नाना असं सांगतात की झाटोपेक त्यांच्याच वाड्यात राहायला होता. तो तोंड वेडंवाकडं करून पळायचा. नानांनी सुरुवात तिथूनच केली. वेग यायचाय, चेहरा आलेला आहे.

पण त्यांचं खरं दैवत गेर्श्लर, फ्रायबुर्गचा जर्मन प्रशिक्षक. रायंडेल नावाच्या हृदयतज्ज्ञाबरोबर त्यानं हिशेब बसवला: ठोके १८०पर्यंत चढवायचे, मग थांबायचं; नव्वद सेकंदांत १२०वर उतरले तर पुढची फेरी, नाहीतर आजचं पळणं बंद. हृदय बळकट होतं ते पळताना नव्हे, त्या थांब्यात, असं या दोघांचं मत. याच गेर्श्लरचा धावपटू हार्बिग, त्यानं १९३९ साली मिलानमध्ये आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत मारले आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला.

एवढ्या सगळ्यातून नानांनी थांबा तेवढा उचलला. डॉक्टरांनी त्यांना १५०च्या वर जाऊ नका असं बजावलंय. खाली किती वेळात यायचं, ते कुणीच बजावलेलं नाही. नव्वद सेकंदांचं काय, असं विचारलं तर म्हणतात, "ती जर्मन हवा."

त्यामुळे चारशे मीटर झाले की नाना कट्ट्यावर. दोन बोटं गळ्याला, नजर घड्याळावर. १४०, १३४, १२८. तेवढ्यात कुणीतरी सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय काढतो, बिल्डरचं नाव निघतं आणि नाना पुन्हा १३९वर. सकाळ अशीच जाते. सहाव्या फेरीची गोष्ट आम्ही ऐकून आहोत. पाहिली कुणीच नाही.

गंमत अशी की माणूस चुकीचं काही सांगत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी वर्षभर त्यांच्या शिट्टीवर पळतेय. तिचं आठशेचं टायमिंग डोळ्यांदेखत उतरलं. आधी ती पहिली फेरी जीव खाऊन पळायची आणि दुसरीत लंगडायची. नानांनी तिला दोनशेचे तुकडे पाडून दिले, प्रत्येक तुकडा सारख्याच वेळात. पहिला लवकर आला तरी ओरडा नानांचाच.

तिच्या बाबतीत जर्मन हवा थेट मैदानावर येते. परवा ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती, तर नाना कट्ट्यावरूनच ओरडले, "नव्वद झाले! चल, सूट!"

"आणि तुमचे, नाना?"

"माझे अजून १२२ आहेत," गळ्यावरची बोटं न काढता नाना म्हणाले. "दोन राहिलेत."