मोठ्या संख्येने उपस्थित काकाजी

संग्रहालयातला कार्यक्रम अकराचा असला की साडेदहाला सभागृहात दोनच माणसं असतात. एक खुर्च्या पुसणारा शिपाई आणि दुसरे आमचे दारव्ह्याचे काकाजी. पाहुणे साडेबाराला येतात. तोवर काकाजींनी शिपायाचं गाव, सोयरे आणि निवृत्तीची तारीख विचारून घेतलेली असते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते' असं छापून येतं ना, ती मोठी संख्या म्हणजे काकाजी.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. नोकरीतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत, खिशात एसटीची सवलत. कोणी तीर्थयात्रा धरतो, कोणी भिशी. काकाजींनी संग्रहालय धरलं. यवतमाळमार्गे नागपूर गाठायचं आणि अजब बंगल्यात जाऊन बसायचं. १८६३ साली उघडलेलं हे मध्यवर्ती संग्रहालय विदर्भातल्या तीन पिढ्यांनी पेंढा भरलेले प्राणी पाहायला गाठलं आणि तेवढंच पाहून सोडलं. काकाजी शिलालेखांसमोरही थांबतात. सोमवारी बंगला बंद असतो, हे त्यांना जावयाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक आहे.

त्यांचं पंचांगच वेगळं. १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९ ते २५ नोव्हेंबर, वारसा सप्ताह. या तिथ्यांना घरी लग्न निघालं तर काकाजी आधी मुहूर्त बदलता येतो का ते विचारतात. मुलांच्या कार्यशाळेला वयाची अट असते, म्हणून नातू बरोबर. नातू वाघाच्या दातांकडे बघत बसतो आणि मातीचा बैल काकाजी करतात. बक्षीस नातवाला मिळतं. घरी येताना ते काकाजींच्या पिशवीत असतं.

व्याख्यान मात्र ऐकावं तर त्यांच्या शेजारी बसून. विषय सातवाहनांची नाणी असो की गोंडांचे किल्ले, शेवटी 'कुणाला प्रश्न?' म्हटलं की काकाजी उभे राहतात. "माझा प्रश्न नाही जी, सूचना आहे," अशी सुरुवात. त्यानंतर शकुंतला, म्हणजे आमची नॅरोगेज आगगाडी, स्टेशनातून सुटते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, रुळांतलं अंतर अडीच फूट, मालक किलिक निक्सन कंपनी, माल वऱ्हाडचा कापूस. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत याच मार्गावर धापा टाकत होतं, ही तारीख ते घरातल्या कर्त्या माणसाच्या पुण्यतिथीसारखी सांगतात. मग खरी तक्रार. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज रेल्वे संग्रहालय झालं. "आमच्या स्टेशनाचं नाव काय? दारव्हा मोतीबाग! मोतीबाग आमची बी, रूळ आमचे बी, मंग संग्रहालय तिकडंच काहून?" वक्त्याला नाण्यांवरून उठून याचं उत्तर द्यावं लागतं. एकालाही ते जमलेलं मी पाहिलं नाही.

या छंदाचा गावाला खरा तडाखा बसला तो मोडी लिपीच्या कार्यशाळेनंतर. काकाजी प्रमाणपत्र घेऊन आले आणि बातमी पसरली. लोकांनी ट्रंका उघडल्या. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या पिवळ्या कागदात गुप्तधन नाहीतर गेलेली जमीन आहे. काकाजी भिंग लावून वाचत आणि निघत सावकाराच्या पावत्या. बरं, वाचून गप्प बसावं, तर ते मोठ्यानं वाचत. "तुमच्या पणज्यानं यांच्या पणज्यापासून दोन बैलांचे पैसे उचलले होते, फेडल्याची नोंद दिसत नाही जी." दोन्ही पणतू ओसरीवर शेजारीशेजारी बसलेले. पोळ्याला त्या दोघांचे बैल एका तोरणाखाली आले नाहीत. इतिहास जिवंत करावा म्हणतात, तो असा करू नये.

पुण्याला जाऊन दिनकर केळकरांचं संग्रहालय पाहिल्यावर तर काकूंचं स्वयंपाकघर धोक्यात आलं. एका माणसानं दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, भांडी अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या, हे काकाजींच्या मनानं घेतलं. जातं, पायली, कुडव, कंदील, शकुंतलेचं पुठ्ठ्याचं तिकीट, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. "अजी, पाट्यावर 'हात लावू नये' लिवलं, आता चटणी कायवर वाटू?" काकूंचा हा प्रश्न अभिप्राय वहीत नोंदवण्यालायक होता. काकाजींनी तो नोंदवला नाही. एरवी कुठल्याही संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत सलग तीन पानं एकाच अक्षरात दिसली तर ते अक्षर त्यांचं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगाव प्रदर्शन घेऊन फिरते. तिला दारव्ह्यात कुठं वळता येईल याचा नकाशाही काकाजींनी काढून ठेवलाय. बस येईस्तोवर १८ मे रोजी त्यांनी स्वतःचीच ओसरी उघडली. पाहुणे आले, पायलीसोबत फोटो काढून गेले. पोरांनी पायलीत किती किलो मावतात ते विचारलं. काकाजींनी उत्तर शकुंतलेपासून सुरू केलं, पोरं पांगली.

शेवटी शेजारची म्हातारी आली. तिफणीजवळ बांबूची नळी टांगलेली, चिठ्ठीवर 'तिफणीचा भाग'. म्हातारी म्हणाली, "भाग कायचा, बापा? हे सरतं हाय. तिफणीच्या मागं बाई धरते, मुठीनं तूर सोडते. आयुष्यभर मी धरलं ना!" काकाजींनी तिला खुर्ची दिली, वही काढली आणि तासभर एक शब्द मध्ये घातला नाही. नाण्यांच्या वक्त्याला हे भाग्य कधीच लाभलं नव्हतं. चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी बदलली. मोठ्या संग्रहालयात चुकीची पाटी बदलायला याहून जास्त वेळ लागतो.

तेव्हा ट्रंकेत, माळ्यावर, गोठ्यात काही जुनं सापडलं तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दारव्ह्याला आणून दाखवा. ते कशासाठी वापरायचे हे सांगणारं माणूस घरात असेल तर त्यालाही आणा. चहा काकू करतात. मोडी कागद मात्र एकट्यानं न्या, आणि यवतमाळची शेवटची बस पकडायची असेल तर रेल्वेचा विषय काढू नका.