सुटं ऊन

साप पाळणाऱ्याला आधी ऊन विकत घ्यावं लागतं, हे मला मँचेस्टरला धाकट्या बहिणीकडे राहिल्यावर कळलं. भाच्यानं रॉयल पायथन आणायचं ठरवलं होतं. हा पश्चिम आफ्रिकेतला लाजरा अजगर. घाबरला की डोकं आत घालून वेटोळं करतो आणि जग संपायची वाट पाहतो. लाकडी पेटी आली, लपायला गुहा आल्या, पाण्याचं कुंडं आलं. अजगर मात्र येईना, कारण ऊन ठरत नव्हतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले साप घरात ठेवता येत नाहीत, हे त्यांच्या किती पथ्यावर पडलं आहे! त्यांना ऊन फुकट मिळतं.

तिथे ते सुटं मिळतं. तळाशी अंथरायची हीट मॅट म्हणजे दिवेलागणीनंतर फरशीत रेंगाळलेली धग. वर टांगायचा दिवा म्हणजे भर दुपार. आणि सिरॅमिकचा बल्ब बल्ब असूनही उजेड देत नाही, नुसता तापतो. रात्रीचं ऊन म्हणायचं त्याला. एकसंध मिळालेला सूर्य कुणीतरी मोडून असा फळीवर किरकोळ विक्रीला मांडला होता.

माझं मन मॅटकडे ओढ घेत होतं. आजोळी कोकणात आजी तिन्हीसांजेला जांभ्याच्या पायरीवर बसायची. दिवसभर तापलेला तो दगड तिच्या दुखऱ्या कमरेला वैद्यापेक्षा जास्त कळायचा. पण भाच्याचा मुद्दा बिनतोड होता. रानात ऊब वरून येते, आणि फार तापलं की साप उंदराच्या बिळात, वारुळात उतरतो, कारण खाली गारवा असतो. मॅटवर जाड भुसा पसरला, की तोच साप गारव्याच्या आशेनं खाली शिरणार आणि त्याला तिथे तवा भेटणार. "मावशी, तळघरात शेगडी ठेवल्यासारखं होईल ते," तो म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा एवढा साधा विश्वास, आणि तोही आपण उलटा करायचा? मी मॅट सोडली. दिवसा दिवा, रात्री सिरॅमिक असं ठरलं. दोन्हींना जाळी हवीच. नाहीतर हा भोळा जीव तापल्या बल्बला मिठी मारून भाजून घेतो.

मग थर्मोस्टॅट. पेटीचं एक टोक ३२ अंशांवर, दुसरं २५ च्या आसपास. मधल्या दोन हातांत अजगराचा संसार: पचवायचं असलं की इकडे, नकोसं झालं की तिकडे. आपण पोळीभाजी जाळून अंगातली चूल अखंड पेटती ठेवतो. त्याला चूलच नाही, म्हणून आठवड्याला एखादा उंदीरही त्याला पुरतो. घराचा थर्मोस्टॅट मात्र १८ वर. भावजी विजेचं बिल आठवून तो खाली करायचे, बहीण स्वयंपाकघरात जाता जाता वर करायची, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. पेटीच्या आकड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. स्वेटर घातलेलं अख्खं कुटुंब एका उघड्या प्राण्याच्या आफ्रिकेची राखण करत होतं.

अजगर आला, रुळला, आणि एका संध्याकाळी माझ्या मनगटाभोवती सावकाश गुंडाळला. "माया लागली बघ तुझी," बहीण म्हणाली. भाच्यानं समजावलं, की याच्या ओठांवरच्या खळग्यांना ऊब जाणवते. आत्ता मावशी म्हणजे त्याच्या लेखी एक कोमट फांदी आहे. मी हात हलवला नाही. तशी मीही मघापासून बहिणीच्या शालीचं एक टोक हळूहळू माझ्याकडे ओढत होते, आणि ते मायेपोटी होतं की गारठ्यामुळे, असं तिनं एकदाही विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं अजगरानं जीभ लवलवून खोलीचा अंदाज घेतला आणि पेटीच्या दिशेनं मान वळवली. दिवा माझ्यापेक्षा गरम होता, त्याला कोण काय करणार?