पेटी ठेक्यातला इंजिनिअर

शेलूबाजारच्या चौकात रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहणाऱ्यांत तो लगेच ओळखू येतो. पाठीवर काळी सॅक, कानात इयरफोन आणि गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत. आत, कारण त्यावर ज्या कंपनीचं नाव आहे ती गावात कोणाला ठाऊक नाही. आणि गावात त्यानं जिचं नाव सांगितलंय, ते ओळखपत्रावर नाही.

त्याचं काम एका अमेरिकन बँकेचं. ते घेतलंय हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीनं. तिनं माणसं मागवली व्हेंडरकडून, त्या व्हेंडरनं दुसऱ्या व्हेंडरकडून, आणि पगाराची स्लिप काढणारा तिसराच. पगार लांबला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. ही भानगड पुण्यातल्या मामांना दोन जेवणं घालूनही समजली नव्हती. इथं टपरीवर एका कट चहात उलगडली.

"म्हंजे पेटी ठेका म्हन ना गा!"

गावाला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज मिळालाय. रस्त्याच्या कामावर मोठा कंत्राटदार, त्याखाली पेटी ठेकेदार, त्याखाली टिप्परवाला ही उतरंड इथं कोणाला शिकवावी लागत नाही.

"मंग टिप्पर तुह्या मालकीचं हाय का?"

"लॅपटॉप असतो, काका. तोही व्हेंडरचा."

"मंग त तू डायव्हर झाला ना बे."

मॅनेजर मात्र त्याला तीन. एक हजेरी पाहतो, दुसरा तास मोजतो, तिसरा दर सोमवारी आपण सगळे एक कुटुंब असल्याचं सांगतो. काम नेमकं काय करायचं, हे कोणाचं खातं ते अजून ठरायचं आहे. मीटिंगमध्ये त्याला नाव नसतं, तो 'रिसोर्स' असतो. 'दोन रिसोर्स कमी पडतायत' ऐकलं की त्याचा चेहरा खुलतो. 'दोन जास्त झालेत' ऐकलं की तो माइक बंद करून पाणी पितो.

2025च्या जूनमध्ये टीसीएसनं नियम केला: क्लायंटला बिल लावता येईल असं काम वर्षात किमान 225 दिवस हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, 35 दिवसांहून जास्त बसायचं नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे 12,000 माणसं कमी करण्याची घोषणा झाली. घरून घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. "नाही बाबा, ते पर्मनंटवाले," त्यानं ऐटीत सांगितलं. पर्मनंटवाल्यांची कीव करायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, ती तो कसा सोडणार? त्याला स्वतःला 35 दिवसांची चैन नाही. प्रोजेक्ट संपलं की संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक.

मुलगी सांगून येते तेव्हा पाहुणे हमखास विचारतात, "नोकरी पर्मनंट हाय ना?" तो म्हणतो, "प्रोजेक्ट लाँग टर्म आहे." वडील घाईनं सोयाबीनच्या भावाचा विषय काढतात.

परवा रात्री कुटुंबवाल्या मॅनेजरचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सोबत बायोडेटा. 'तुझ्या व्हेंडरकडे माझ्यासाठी काही आहे का बघ.' यानं फाइल उघडली आणि सावकाश वाचली. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, 32 जणांच्या टीमचं नेतृत्व. टीममध्ये हा, एक फ्रेशर आणि नोटीस पीरियडवरचा एक, एवढेच होते.

तरीही त्यानं बायोडेटा पुढे पाठवला. फक्त 32चे 45 केले. व्हेंडरला आकडे मोठे लागतात.